साडूचं मॅनिफोल्ड

आमच्या घरात बेडरूमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक अडणा ठेवलेला आहे. ॲल्युमिनियमचा, चकचकीत, चार वळणदार नळ्यांचा. नव्या पाहुण्याला आधी त्याची ठेच लागते आणि मग तो विचारतो, हे काय आहे? एकाने विचारलं होतं, चार सोंडांचा गणपती आहे का? मी उत्तर द्यायला तोंड उघडतो तोवर बायको स्वयंपाकघरातून सांगून मोकळी होते, "तो ह्यांचा मत्सर आहे. दाराला लावलाय."

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी तेव्हा घाटकोपरला राहायचो आणि आग्रा रोडवरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. धातूचा जो भाग ओतायचा असेल तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा, मग त्यावर वाळू दाबून साचा काढतात आणि साच्यात धातू ओततात, तर ते लाकडी काम माझं. सुतार आणि मूर्तिकार यांच्या मधलं काम आहे, असं मी लोकांना समजावून सांगायचो. लोकांना त्यातलं फक्त सुतार ऐकू यायचं.

सासरे अंधेरीला, मरोळच्या बाजूला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. मामा गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणीचं दार काही उघडलं नाही, तेव्हा त्यांनी राहत्या दोन खोल्यांच्या पुढ्यात पत्रा टाकून गॅरेज काढलं. माझे स्वतःचे वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे कुणी मोठ्या माणसाने माझ्या हातचं काम उजेडाकडे धरून बघावं, अंगठा फिरवावा आणि "बरा जमलाहा" म्हणावं, हे सुख मला लग्नानंतर मिळालं. चार वर्षं मी त्या घरातला एकुलता एक जावई होतो. हे पद फार सुखाचं असतं. माझी तर अशी समजूत होती की ते कायमचं आहे.

मग मेहुणीचं लग्न झालं.

साडू पवईच्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला. उंच, हसरा, वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि हातात आखातातून कुणी आणून दिलेलं आकड्यांचं घड्याळ. बटण दाबलं की त्यात सेकंदाचे शंभरावे भाग पळायचे. तो मला दादा म्हणायचा. मनापासून म्हणायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायलाही जागा उरायची नाही. पहिल्याच दिवाळीला मामा त्याला म्हणाले, "या, इंजिनिअरसाहेब." मला ते जावईबापू म्हणायचे. मी घरी येऊन बायकोला विचारलं, "साहेब मोठा की बापू मोठा?" ती म्हणाली, "झोपा आता."

मामांकडे एक जुनी गाडी होती. टॅक्सीवाले चालवायचे तसलीच, फक्त रंगाने गडद निळी. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून वेळ मिळाला की मामा तिच्या इंजिनात हात घालायचे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, व्हॉल्व्हच्या वाटा कानशीने आणि पॉलिश पेपरने आरशासारख्या केल्या, जुन्या बाजारातून एक मोठं कार्ब्युरेटर शोधून आणलं. दर वर्षी पावसाळा संपला की घाटात गाड्यांची चढाची स्पर्धा व्हायची; एकेक गाडी वर सोडायची आणि वेळ मोजायची. मामांना तिथे ही गाडी न्यायची होती. स्वतः चालवायची सोय नव्हती, कारण घाटात गाडी चालवायची नाही अशी मामींनी त्यांना शपथ घातली होती. म्हणजे गाडी कुणीतरी जावयाने चालवायची. जावई दोन. सीट एक.

आणि अडलं होतं मॅनिफोल्डवर. मामांच्या तोंडी ते 'मेनिफोल'. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मिसळलेली हवा निघते, ती चारही सिलिंडरना वाटून देणारा हा नळ्यांचा पंजा. एकाच पातेल्यातून चार पोरांना वाढण्यासारखं काम. एकाला जास्त, एकाला कमी झालं की इंजिन रुसतं. नव्या मोठ्या कार्ब्युरेटरला जुनं मॅनिफोल्ड बसेना, म्हणून नवं करणं आलं.

पुढच्या महिन्यात साडू पिशवीत एक वस्तू घेऊन आला. त्याने म्हणे महिनाभर कागदावर गणित केलं होतं आणि संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून, वेल्डिंग करून मॅनिफोल्ड बनवलं होतं. मी ते पाहिलं आणि मला खरोखर आनंद झाला, कारण ते फारच कुरूप होतं. लांबलचक बारीक नळ्या, वेल्डिंगच्या गाठी, जागोजाग काळे डाग. चाळीच्या मागच्या भिंतीवरून उतरलेले सांडपाण्याचे पाइपच जणू.

"नळ्या जरा बारीकच ठेवल्यात," तो मामांना सांगत होता. "रबरी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात उडतं? तसं. चढावर इंजिन फार फिरत नाही. तिथे हवा आळसावता कामा नये."

मामांनी प्रत्येक नळीचं एक तोंड बोटाने बंद करून आत पाणी भरलं आणि ते दुधाच्या मापात ओतून पाहिलं. चारही नळ्यांत सारखं पाणी. मग छर्रा घातला. तो एका तोंडातून आत गेला आणि कुठे न अडखळता दुसऱ्या तोंडातून खाली आला. मामांनी वस्तू उजेडाकडे धरली. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला.

"बरा जमलाहा," मामा म्हणाले.

माझं वाक्य! माझ्या कामासाठी राखीव असलेलं वाक्य त्यांनी त्या सांडपाण्याच्या पाइपाला दिलं. मी लगेच म्हणालो, "मामा, मीपण एक करतोय." तोपर्यंत माझ्या डोक्यात असं काहीही नव्हतं.

"झकास दादा!" साडू म्हणाला. "मग दोन्ही लावून बघू. ज्याचं जास्त पळेल ते गाडीला."

"आणि ज्याचा मेनिफोल, तो घाटात गाडी चालवील," मामा म्हणाले. झालं, ठरलं.

आता पुढचं सांगताना अजूनही कान गरम होतात. जेवायची वेळ होत आली होती. बाकीचे बाहेर गाडीपाशी गेले. साडूचं मॅनिफोल्ड ओट्याशेजारी वर्तमानपत्रावर ठेवलेलं, आणि परातीत मळलेली कणीक. माप घ्यायचं माझं व्हर्नियर घाटकोपरला. मी इकडेतिकडे पाहिलं, कणकेचा एक गोळा तोडला, थापून सपाट केला आणि मॅनिफोल्डच्या तोंडावर दाबला. चार गोल वर्तुळं अशी सुरेख उमटली की बस. ती कणीक रुमालात गुंडाळून मी खिशात घातली आणि जेवायला पाटावर जाऊन बसलो. त्या दिवशी शेवटी मामींच्या ताटात पोळी नव्हती. "मला आज भातच खायचाय," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून आमटी वाढून घेतली.

घरी येऊन वर्तुळं मोजली आणि वहीत लिहिली. पॅटर्नमेकर लाकडाचं माप नेहमी थोडं वाढवून घेतो, कारण धातू थंड होताना आकसतो. तो हिशोब धंद्याचा, त्यात लबाडी नाही. पण तो हिशोब झाल्यावर मी पुन्हा पेन्सिल घेतली आणि प्रत्येक नळीत आणखी दोन मिलिमीटर वाढवले. ते दोन मिलिमीटर कुठल्याच हिशोबात बसत नव्हते. त्याची नळी एवढी, तर माझी त्याहून मोठी. बस. त्याने रबरी पाइपचं, अंगठ्याचं जे सांगितलं होतं ते मी ऐकलं होतं, मला पटलंही होतं. पण पटणं वेगळं आणि साडूचं पटणं वेगळं.

काम मात्र मी असं केलं की तसं पुन्हा आयुष्यात झालं नाही. सागवानाचा पॅटर्न, बाभळीच्या गोंदाने भरलेल्या सांधी, पॉलिश. फाउंड्रीतल्या साहेबांची परवानगी काढून ॲल्युमिनियमच्या ओतकामाच्या दिवशी एक साचा माझाही लावला. वाळू झटकून ते बाहेर काढलं तेव्हा मोल्डिंगवाले जमा झाले. "काय आहे रे हे, हंस आहे की काय?" एकाने विचारलं. मी आठ दिवस त्याला घासत होतो. बायको म्हणाली, "आपल्या मुलाला कधी इतका वेळ आंघोळ घातली नाही तुम्ही."

मामांनी माझं मॅनिफोल्ड हातात घेतलं आणि चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "ह्या तर देव्हाऱ्यात ठेवूचा." मी साडूकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर मत्सराचा टिपूससुद्धा नव्हता. तो वाकून म्हणाला, "काय फिनिश आहे दादा! नुसतं बघत राहावंसं वाटतं." याचा मला इतका राग आला की काय सांगू.

चाचणी एका रविवारी सकाळी आरे कॉलनीतल्या एका सरळ चढावर. दोन्ही फेऱ्या मामा चालवणार, म्हणजे हाताचा फरक नको. कार्ब्युरेटर तेच, पेट्रोल तेच. खाली जिथून गाडी सुटणार तिथे आम्ही दोघे जावई. टॉवेल हलवून इशारा द्यायचा. वर, जिथे गाडी पोचणार तिथे वेळ कोण घेणार? आम्हा दोघांपैकी एकाला वर पाठवणं शक्यच नव्हतं. तिसरा, निःपक्षपाती माणूस पाहिजे. तेव्हा सगळ्यांनी मिळून मामींचं नाव काढलं, आणि इथे आमच्या घराण्याची अक्कल दिसते. दोन जावयांमधला फरक मोजायला आम्ही सासूला बसवलं.

मामी आल्या त्या घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि मामांचं गिरणीतलं जुनं स्टॉपवॉच घेऊन. "हे दाबायचं, आणि गाडी आली की हेच परत दाबायचं," मामांनी शिकवलं.

"कळला. मी काय कुकुलं बाळ आहे?" मामी म्हणाल्या.

पहिली फेरी साडूच्या मॅनिफोल्डची. गाडी काही विशेष आवाज न करता, शिलाई मशीनसारखी तुरतुर वर गेली. वर पोचल्यावर मामांनी हॉर्न दिला. मग गाडी खाली आणून रस्त्याच्या कडेलाच त्यांनी नट खोलले, माझं बसवलं, नवं गॅस्केट लावलं, अगरबत्ती पेटवून सांध्याजवळ धरली, धूर कुठे आत खेचला जात नाही ना ते पाहिलं. तास-दीड तास गेला. दुसरी फेरी. मी टॉवेल खाली आणला आणि गाडीने असा आवाज काढला की झाडावरचे कावळे उडाले. काय तो खर्ज! माझ्या अंगावर काटा आला. "ऐकलंस?" मी साडूला म्हणालो. "ह्याला म्हणतात इंजिन!" तो आपल्या मनगटाकडे बघत होता. वरून हॉर्न आला. "मस्त आवाज आहे दादा," तो म्हणाला आणि बाही खाली ओढली.

आम्ही धापा टाकत वर चढलो. मामी थर्मासचं झाकण लावत होत्या.

"किती?" मी.

"एकोणतीस."

"आणि ह्याचे?"

"एकोणतीस."

"दोन्ही एकोणतीस? अहो, कसं शक्य आहे?"

"माका काय विचारतास? घड्याळाक विचारा," मामी म्हणाल्या, पण घड्याळाचा काटा त्यांनी केव्हाच शून्यावर नेऊन ठेवला होता. मामा आळीपाळीने आम्हा दोघांकडे आणि मग मामींकडे बघत राहिले. "गो, बरोब्बर बघितलंस ना?" "बघितलंय म्हणून सांगतंय ना!"

आवाज कुणाचा मोठा होता ते अख्ख्या आरे कॉलनीने ऐकलं होतं. सरळ दिसत होतं, माझं पुढे होतं आणि मामींनी धाकट्या लेकीच्या नवऱ्याला सांभाळून घेतलं होतं. धाकट्यांचं नेहमी असंच असतं. थोरल्याने समजून घ्यायचं. मी एवढं काही बोललो नाही, पण रस्त्यावरचा एक खडा पायाने इतक्या लांब उडवला की सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात साडूच म्हणाला, "मामा, बरोबरी आहे तर दादांचंच बसवा. दिसायलाही छान आहे, आणि दादा थोरले आहेत. घाटात त्यांनाच जाऊ दे."

मला आनंद व्हायला हवा होता. पण देणगीची सीट ती! तरीही मी नको म्हणालो नाही. लगेच हो म्हणालो.

घाटातलं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझंही सगळं थोडक्यातच आटोपलं. सरळ रस्त्यावर गाडी गर्जत होती. पहिलं वळण आलं, मी गियर खाली घेतला, पाय दाबला आणि इंजिनाने "भूऽऽ" असा उसासा टाकला, दुपारी झोपमोड झालेला माणूस टाकतो तसा. पिकअपच नाही. रुंद नळ्यांत हवा आरामात लोळत होती आणि पेट्रोलचे थेंब वाटेतच बसून राहत होते. प्रत्येक वळणावर तेच. वर पोचलो तेव्हा माझ्यामागे फक्त एक गाडी होती, आणि तिचं चाक निघालं होतं. मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रंग मात्र चमकत होता हां गाडीचा."

मी प्लगला दोष दिला, पेट्रोलला दिला, घाटाला दिला. त्यानंतरच्या रविवारी मामी एकट्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या, तिथे जाऊन बसलो.

"मामी, आता खरं सांगा. आरे कॉलनीत माझी वेळ कमी आली होती ना? तुम्ही त्याला सांभाळून घेतलंत. मी काही मनात ठेवणार नाही."

मामींनी एक खडा काढून बाजूला टाकला. "त्यांचे सत्तावीस. तुमचे एकतीस."

मला वाटलं मी ऐकण्यात गल्लत केली.

"चार सेकंदांचा फरक. मग मी दोन त्यांच्यात घातले, दोन तुमच्यातले काढले. जावयांच्या पानात कमी-जास्त वाढायचं नसतं, जावईबापू. एकाला एक लाडू तर दुसऱ्यालाही एकच."

"अहो, पण हे लाडू नव्हते!"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्या पुन्हा तांदळात बघू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमची एक पोळी कुठे गेली ते मात्र मला कळलं होतं. तुमच्या रुमालाला कणीक वाळून चिकटली होती. लेकीने येऊन विचारलंन मला, हे भिकेला लागलेत की काय, कच्ची कणीक खातात?"

मीही तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग विचारलं, "त्याला माहीत आहे? वेळेचं?"

"कोणाला?"

"साडूला."

"त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं का?" मामी म्हणाल्या.

मत्सराची मोठी गंमत असते. आपण हरलो हे मी दोन दिवसांत पचवलं. पण तो जिंकला होता, त्याला ते शंभराव्या भागापर्यंत ठाऊक होतं, आणि तरीही त्याने बाही खाली ओढली, हे काही केल्या पचेना. इंजिनाचं गणित त्याला येतं, ठीक आहे, शिकलाय. पण मोठेपणातही याने माझ्या पुढे जावं? थोरला मी की तो?

पुढच्या वर्षी गाडीला त्याचे सांडपाण्याचे पाइप बसले आणि सीटवर तो. माझं मॅनिफोल्ड मामांनी कापडात गुंडाळून मला परत दिलं. देव्हाऱ्याचं काही बोलले नाहीत. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी पुन्हा आरे कॉलनी, पुन्हा तोच चढ. या खेपेला गाडी साडू चालवणार होता आणि खालून टॉवेल मामा हलवणार होते. मामी घडीच्या खुर्चीवर बसल्या, थर्मास उघडला आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं.

"ह्या वेळी तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मी नुसती चहा देते."

खाली टॉवेल हलला, मी बटण दाबलं. गाडी शिलाई मशीनसारखी आली, माझ्या समोरून गेली, मी पुन्हा दाबलं. काटा सव्विसावर. नीट, स्वच्छ सव्वीस. मी पुन्हा बघितलं.

साडू गाडी लावून, घाम पुसत आला. "किती दादा?"

मामी चहा ओतताना थांबल्या होत्या.

"सत्तावीस," मी म्हणालो.

साडूने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग बाही खाली ओढली आणि हसून म्हणाला, "बरोबर दादा. माझेही सत्तावीसच."